दुसरी खुर्ची

गेल्या अकरा महिन्यांत मी एकही नवी वस्तू घेतलेली नाही. वायरचा तुकडासुद्धा नाही. दारू सोडलेली माणसं दिवस मोजतात तसे मी महिने मोजतो, आणि पवन आहेरचा फोन आला की अजूनही माझ्या छातीत धडधडतं. पवन म्हणजे नाशकातला आमचा स्पीकर-अँप्लिफायरवाला. माणूस वाईट नाही. "काका, नवीन आवृत्ती आलीय, नुसती ऐकून तर जा," एवढंच तो म्हणतो. माझ्यासारख्याला तेवढं पुरतं.

ज्यांना हा आजार नाही त्यांना तो समजावणं कठीण आहे. तुम्ही उत्तम स्पीकर आणता. पंधरा दिवस स्वर्ग असतो. मग एका संध्याकाळी तानपुऱ्याच्या आवाजात किंचित खरखर जाणवते. काल ती नव्हती. संशय आधी अँप्लिफायरवर जातो, मग वायरवर, मग भिंतीवर, मग ज्या लाकडी फळीवर यंत्र ठेवलंय तिच्यावर. मी यशवंत खैरनार, पाटबंधारे खात्यातला निवृत्त अभियंता. नोकरीभर कालव्यांतली गळती शोधली आणि घरी येऊन गाण्यातली. बायको म्हणायची, "तुम्हाला गाणं ऐकायचंच नसतं. गाण्यात काय कमी आहे ते ऐकायचं असतं." मी हसण्यावारी न्यायचो.

बायको म्हणजे शैलजा. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावरच्या मुलालाही मान्सूनचे वारे अंगावर आल्यासारखे वाटत. आमची एकुलती एक मुलगी केतकी लग्न होऊन इंदूरला गेली, तेव्हा तिची खोली मी ताब्यात घेतली. खिडकीला जाड पडदे, भिंतींना फळ्या आणि मधोमध दोन खुर्च्या. बरोबर मधली माझी. तिच्या उजवीकडे दीड हातावर शैलजाची. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही तिथे बसायचो. नियम एकच होता, गाणं चालू असताना बोलायचं नाही. ती काही बोलायला लागली की मी "शू" करायचो. सदतीस वर्षांच्या संसारात मी हा शब्द किती वेळा उच्चारला असेल, याचा हिशेब आता मांडवत नाही.

पाच वर्षांपूर्वी पवननं आमच्याकडे 'श्रुतिवेध' नावाचं यंत्र आणलं, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आपल्याला वाटतं, कान फक्त आवाज आत घेतो. तसं नाही. आतल्या कानात शंखासारखी वेटोळी नळी असते आणि तिच्यात केसासारखी टोकं असलेल्या हजारो पेशी असतात. आवाज आला की त्यांतल्या काही पेशी त्याच तालावर लांब-आखूड होतात, आलेला सूर वाढवतात, मग तो नसेवाटे मेंदूकडे जातो. या धडपडीतून एक अतिशय क्षीण आवाज उलटा कानाबाहेर पडतो. म्हणजे निरोगी कान ऐकता ऐकता स्वतःही किंचित वाजत असतो. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही ते डॉक्टर असंच तपासतात. श्रुतिवेध बनवणाऱ्यांनी तो आवाज टिपणारा इवलासा संवेदक खुर्चीच्या डोकं टेकायच्या उशीत बसवला. कोणत्या सुराला कोणाचा कान कमी वाजला ते यंत्राला कळे, आणि मग तेवढाच सूर तेवढ्याच खुर्चीकडे ते जास्त जोरानं सोडी. एकाच पाटातून दोन शेतांना वेगवेगळं पाणी सोडावं तसं.

बैठक संपली की भिंतीवर दोन आकडे उमटत. पहिली खुर्ची, प्रतिसाद शहाण्णव टक्के. दुसरी खुर्ची, एक्क्याऐंशी.

हे आकडे कानांचे होते. मी ते यंत्राचे समजलो.

माझ्यासारख्या कुठल्याही शौकिनानं हेच केलं असतं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. मधल्या जागेवर आवाज उत्तम येतो आणि बाजूला सरकलं की उतरतो, हे आमच्या शौकातलं पहिलं सूत्र. शैलजाची खुर्ची बाजूला होती, म्हणून आकडा कमी. मी एक वही केली आणि दर रविवारचा दुसऱ्या खुर्चीचा आकडा त्यात मांडू लागलो. एक्क्याऐंशीवर गालिचा बदलला. अठ्ठ्याहत्तरवर उजवा स्पीकर दोन बोटं आत वळवला. खुर्च्यांची अदलाबदल करून बघावी, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मधली खुर्ची माझी होती.

आकडा उतरत राहिला आणि मी आवृत्त्या बदलत राहिलो. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक नवी आवृत्ती दुसऱ्या खुर्चीकडे जास्त जोर लावत असे, आणि शैलजा बैठकीनंतर डोळे उघडून म्हणे, "आज किती मोकळं वाटलं! बदललंत का काही?" मी फुलून जायचो. ती मला बरं वाटावं म्हणून म्हणत नव्हती. तिला खरंच मोकळं वाटत होतं. अख्ख्या जगात त्या एका खोलीत तिला सगळं ऐकू येत होतं.

बाहेर काय चाललं होतं ते मी बघितलं नाही असं नाही. बघितलं, आणि चिडलो. कुकरच्या शिट्ट्या तिच्या मोजणीतून निसटायला लागल्या, वरण करपायचं. मी काही बोललो की "हं?" करायची. "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?" मी खेकसायचो. काही दिवसांनी तिनं "हं?" करणं सोडलं. नुसती मान डोलवायची. शाळेतल्या मैत्रिणींच्या गुरुवारच्या कट्ट्यावर जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाली. आणि खरं सांगायचं तर मी मनातून खूष झालो. आता गुरुवारीही गाणं ऐकायला सोबत मिळाली होती.

चौथ्या आवृत्तीत आकड्यांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ यायला लागली: 'दुसऱ्या खुर्चीवरील श्रोत्याने कानांची तपासणी करून घेणे हितावह.' औषधाच्या बाटलीवर 'लहान मुलांपासून दूर ठेवा' असतं, तितक्याच लक्षपूर्वक मी ती वाचली. त्या रविवारी आकडा बावन्न होता. सोमवारी मी पवनकडे जाऊन पाचवी आवृत्ती सांगून आलो.

गेल्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत केतकी चार दिवस आली. रविवारी शैलजा स्वयंपाकघरात पुरणात गुंतली होती, म्हणून केतकी तिच्या खुर्चीत बसली. अर्धा तास भीमपलास ऐकला. भिंतीवर आकडा आला, पंच्याण्णव.

मी टाळ्या वाजवल्या. अक्षरशः उठून टाळ्या वाजवल्या! शुक्रवारीच चांदीची वायर टाकली होती. "केतकी, बघ! चार वर्षं लागली, पण जमलं!" मी तिथूनच पवनला फोन केला आणि त्या वायरची इतकी स्तुती केली की तोही चकित झाला. केतकी हसत होती. "बाबा, तुम्ही म्हणजे ना," म्हणाली आणि आईला मदत करायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शैलजाला बसवलं. तेच गाणं, तीच वायर, तोच आवाज. आकडा आला सदतीस.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. मग तिला सुचवलं, जरा माझ्या जागेवर बस. हातानं खूण करूनच सांगितलं, का ते तेव्हा कळलं नाही. ती मधल्या खुर्चीत बसली, मी तिच्या. गाणं पुन्हा लावलं. पहिली खुर्ची सदतीस, दुसरी शहाण्णव.

मी यंत्र बंद केलं आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. हळूच म्हणालो, "शैला." मग नेहमीच्या आवाजात, "शैला." मग मोठ्यानं. ती स्पीकरांकडे बघत शांत बसून होती. गाणं सुरू व्हायची वाट बघत होती.

*

डॉक्टर तबस्सुम काझींनी दोन तास तपासलं. केतकीनं जायचं पुढे ढकललं होतं, ती आईचा हात धरून बसली होती. डॉक्टर हळू, स्पष्ट आणि शैलजाकडे तोंड करून बोलत होत्या.

"पेशी तर गेल्याच आहेत, पण ती अडचण आता मोठी राहिलेली नाही. हल्ली इंजेक्शननं पेशी पुन्हा उगवून आणता येतात. अट एकच असते, मागची नस जिवंत हवी. पेशींनी काम देणं बंद केलं की नस सुकत जाते. तुमची नस बरीच सुकली आहे. त्यामुळे पेशी उगवूनही उपयोग नाही, आणि कानात यंत्र बसवूनही नाही."

"कधी यायला हवं होतं?" केतकीनं विचारलं.

"तीन-चार वर्षांपूर्वी आल्या असत्या, तर आज आपण इथे बसलो नसतो." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "हा प्रकार हळूहळू वाढतो, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येत नाही, हे मी समजू शकते. पण यापूर्वी कधी मोजणी झाली होती का? एखादा आकडा, एखादी नोंद? किती वेगानं उतरलं ते कळलं असतं."

वही घरी टेबलाच्या खणात होती. चार वर्षांचे रविवार तिच्यात ओळीनं मांडलेले होते. शैलजा माझ्या ओठांकडे बघत होती, आणि केतकी बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

खोटं बोलायला एवढाच वेळ लागतो.

डॉक्टरांनी सांगितलं की खालचे सूर थोडे शिल्लक आहेत. जवळून, शांत खोलीत, एकच माणूस सावकाश बोललं तर कळेल. मोठा आवाज अजिबात नको, वाढवलेला सूर नको, उरलेलं त्यानं लवकर संपेल. जपलं तर काही महिने टिकेल, कदाचित जास्त.

आठवड्यानं पवनचा फोन आला. त्याला कुठून कळलं होतं कोण जाणे. "काका, सहावी आवृत्ती थेट हाडातून सूर पोचवते. जोर तिप्पट आहे. काकूंना सगळं ऐकू येईल, अगदी पहिल्यासारखं." मी दुकानात गेलो. खुर्चीत बसलो. तानपुरा असा लागला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "येईल ना ऐकू. तीन आठवडे, फार तर महिनाभर. मग काहीच नाही."

मी परत आत जाऊन खुर्चीत बसलो, तशी पवननं पैसे भरायची पाटी पुढे केली. नुसता अंगठा टेकवायचा होता. मी तो टेकवला नाही, पण त्याचं श्रेय मला देऊ नका. अंगठा पुढे करताना माझ्या डोळ्यांपुढे शैलजाचा चेहरा नव्हता. भिंतीवर दुसऱ्या खुर्चीसमोर नव्वदच्या पुढचा आकडा उमटलेला मला दिसत होता. त्याचीच मला भीती वाटली, आणि मी उठलो.

घरी येऊन शैलजाला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, कानाजवळ बसून, सावकाश. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नको हो. गाणं पुष्कळ ऐकलं. तुम्ही बोला. या खोलीत तुम्ही माझ्याशी कधी बोललाच नाहीत."

*

रोज संध्याकाळी सहाला आम्ही बसायला लागलो. मी माझी खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली. पहिल्या दिवशी मला बोलायला काही सुचेना. बायकोशी बोलायला विषय नाही म्हणून मी घामाघूम झालो होतो. शेवटी मी तिला सांगितलं, गिरणेच्या कालव्यावर असताना एकदा पहाटे पाहणीला गेलो, तर पाण्यातून एक लाकडी पाळणा वाहत येत होता. मी बूट-मोज्यांसकट उडी मारली. आत कोणीतरी ठेवलेले चार भोपळे होते. शैलजा इतकी हसली की तिला ठसका लागला. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं!"

खरंच सांगितलं नव्हतं. मग मी सांगतच सुटलो. माझ्या वडिलांची भीती कशी वाटायची. तिला बघायला आलो तेव्हा पोह्यांत खडा लागला आणि मी तो गिळून टाकला. केतकी झाली त्या दिवशी मी दवाखान्याच्या मागे जाऊन रडलो होतो. ती मधे मधे तिच्या गोष्टी सांगायची. ती आता थोडं मोठ्यानं बोलायची, पण तोच शाळेतला आवाज होता. माझ्या लग्नाला सदतीस वर्षं झाली होती आणि मला वाटत होतं की आत्ताच कुठे झालंय. हे सुख कुठल्या किमतीनं मिळालंय ते मला माहीत होतं, आणि तरी ते सुख होतं.

फक्त एक गोष्ट सांगायची राहत होती. रोज ठरवायचो आणि रोज दुसरंच काहीतरी बोलायचो. असे अडीच महिने गेले. शेवटी एका गुरुवारी मी तिचा हात हातात घेतला आणि सांगून टाकलं. वही, आकडे, ती बारीक अक्षरांतली ओळ, डॉक्टरांना म्हटलेलं 'नाही'. "मला चार वर्षं दिसत होतं, शैला. मी बघितलं नाही." मी रडत होतो. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी थांबलो तेव्हा तिनं मान डोलवली आणि माझ्या हातावर थोपटलं.

इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. त्या रात्री मी गाढ झोपलो. शुक्रवारी सकाळी गरम जिलबी घेऊन आलो. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी नुसता हसलो.

संध्याकाळी सहाला बसलो. मी तोंड उघडलं तशी तिनं हात वर केला.

"अहो, एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका. बुधवारपासून मला काहीच ऐकू येत नाहीये. सकाळी उठले तर सगळं बंद. काल तुम्ही इतके रडत होतात, मला वाटलं तुम्हाला आपोआप कळलंय, म्हणून मधे बोलले नाही." तिनं बाजूच्या टेबलावरचा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "काल काय सांगत होतात?"

'काही नाही, असंच' असं लिहिता आलं असतं. तीन शब्द लिहून सुटलो असतो. पेन कितीतरी वेळ कागदावर तसंच टेकलेलं होतं. मग मी लिहिलं. बोलताना रडण्याखाली बरंच काही झाकलं जातं. कागदावर तसं होत नाही. दोन्ही बाजू भरल्या.

तिनं चष्मा लावला आणि वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं. तिला बोलता येत होतं, तरी तिनं लिहिलं. 'वही कुठे आहे?'

मी वही आणून दिली. ती एकेक रविवार बोटानं खाली येत वाचत गेली. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायची तशी, घाई न करता. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. आकडा होता चौऱ्याहत्तर. तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची होती. तिनं कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं, 'हे बघून तुम्ही काय केलंत?'

मला आठवत होतं. वहीत समोरच लिहिलेलंही होतं, पण तिला ते माझ्या हातानं हवं होतं. मी लिहिलं, 'वायर बदलली.'

तिनं वही मिटून मांडीवर ठेवली. भांडली नाही. आजतागायत भांडलेली नाही. स्वयंपाक करते, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून ठेवते, बाहेर निघालो की छत्री पुढे करते. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहिते. 'दूध संपलंय.' 'शनिवारी गॅसवाला येणार.' अक्षर फळ्यावरच्यासारखं, सुबक. मीही लिहून विचारलं, बोलत का नाहीस? दोनदा विचारलं. दोन्ही चिठ्ठ्या तिनं घडी घालून परत दिल्या.

आता रोज साडेसहाला केतकीचा फोन येतो. तिचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटतं आणि शैलजा ते वाचून उत्तर देते, तोंडानं, मोठ्यानं. नातवाला नद्यांची नावं सांगते, स्वतःच्या विनोदाला हसते. तेव्हा ती आतल्या खोलीचं दार लावून घेते. मी पायरव होऊ न देता दाराबाहेर जाऊन उभा राहतो आणि फोन संपेपर्यंत ऐकतो.